दोन उशांच्या बाह्या

आमची सून दातांची डॉक्टर आहे. मुलगी गुणी, हसरी, कामाला वाघ. दोष एकच, तिला सगळं छान वाटतं. माझे पडदे छान, माझी चप्पल छान, करपलेला भातसुद्धा छान. एकदा तिच्या दवाखान्यात गेले, तर एका गृहस्थाची दाढ उपटताना ती त्यालाही म्हणत होती, "छान, छान, अजून थोडं मोठं उघडा." तेव्हापासून तिच्या 'छान'वरचा माझा विश्वासच उडाला.

आमचे चिरंजीव बोटीवर नोकरीला, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. आमच्या ह्यांनी जन्मात कशाला वाईट म्हटलेलं नाही, त्यात आता हिची भर! मी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले. वाकडं बेतलं तर तोंडावर वाकडं म्हणायचं, हा माझा खाक्या. असं बोलणारी धाकटी बहीण होती, ती लेकीकडे दूरच्या गावी राहायला गेली आणि माझी जीभ गंजायला लागली. घरात खरं बोलणारं एक तरी माणूस असावं, यापेक्षा जास्त मी काही मागत नव्हते.

बहिणीचा आणि माझा एक आवडता उद्योग होता. सुट्टीच्या दिवशी चित्रसंग्रहालयात जायचं आणि जुन्या काळच्या बड्या घरच्या बायकांच्या झग्यांना नावं ठेवायची. नियम कडक. चेहऱ्याकडे बघायचं नाही, चित्रकार कोण ते वाचायचं नाही. या झग्यात बाई बसेल का, जेवेल का, दारातून जाईल का, एवढंच बघायचं. नाही तर नापास. म्हटलं, सुनेलाही नेऊन बघू. तिथेही छानच म्हणाली, तर नाद सोडायचा.

पहिल्याच दालनात मानेभोवती परातीएवढी कॉलर घातलेली बाई होती.

"हिला स्वतःच्या ताटातलं दिसत असेल का गं?" मी सुरुवात करून दिली.

"किती नाजूक काम आहे, आई. छान."

पुढची बाई आडवी इतकी पसरलेली, की चित्रकाराला तिचा झगा चौकटीत बसवता आला नव्हता. "छान." त्यापुढचीच्या अंगावर मखमल, मखमलीवर मोती आणि मोत्यांवर झालर. तेही छान. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला रखवालदार मला ओळखतो. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मलाच माझी कीव आली.

शेवटच्या दालनात हिरव्या झग्यापुढे ती थबकली. पुढे झाली, मागे सरकली.

"आई, या बाह्या आहेत?"

"तुला काय वाटतं?" मी श्वास रोखून विचारलं.

"एकेका बाहीत एकेक पाहुणा झोपेल हो! आणि बाईचे खांदे कुठे गेले? वारा सुटला असता तर उडूनच गेली असती बिचारी. शिवणारीला कुणी अडवलं कसं नाही?" हसता हसता ती भिंतीला टेकली, तसा रखवालदार उठून आला आणि आम्हा दोघींना दम देऊन गेला.

माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. परत येताना तिने सगळ्या दालनांत निकाल बदलले. कॉलरवाली नापास, मोतीवाली तर साफ नापास. एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. तो हिरवा झगा बघून बघून मी स्वतःच्या लग्नासाठी तस्सा शिवला होता. बाह्या फुगाव्यात म्हणून दोन उशा फोडून कापूस भरला होता. उशा फोडण्यात बहीणही सामील होती, त्यामुळे तिचंही तोंड बंद.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी घोटाळा केलाच. "हिरवा झगा पाहिलास? थांब!" म्हणत ते कपाटातून लग्नाचा फोटो घेऊन आले.

सुनेचा चेहरा पडला. "आई, किती छान दिसताय," ती पुटपुटली.

झालं! हाती आलेली मुलगी निसटली की काय! मी तिचा हात धरला.

"मघाशी काय म्हणालीस ते परत म्हण."

"सॉरी, आई, मला माहीत नव्हतं—"

"सॉरी नको गं. सगळ्या मांडवात छान छान ऐकलं मी, आणि निघताना दारात अडकले. दोघांनी ढकललं तेव्हा बाहेर पडले. त्या दिवसापासून वाट बघतेय, कुणीतरी खरं बोलेल म्हणून. म्हण."

तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ दाबून धरले होते, ते सुटले.

"एकेका बाहीत एकेक पाहुणा," ती म्हणाली आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

"मला तेव्हाच वाटलं होतं," हे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

ते घाईघाईने फोटो कपाटात ठेवायला गेले. मी सूप वाढलं. सुनेने एक चमचा तोंडात घातला आणि थांबली.

"आई, यात मीठच नाहीये."

मी मीठ आणायला उठले. इतका आनंद मला गणवेशाच्या कुठल्याही कौतुकाने झाला नव्हता.

"मला तर छान लागतंय," हे म्हणाले.

आम्ही दोघींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं.