कड्यावरचे बूट

बूट सापडले, बाबा सापडले नाहीत. आणि ते बूट बघून त्या पार्क रेंजर बाईचा चेहरा एकदम उतरला.

बाबा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबकराव. नागपूरला पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मार्चमध्ये माझ्या सासूबाई, लताबाई, गेल्या आणि मे महिन्यात अमित जाऊन बाबांना आमच्याकडे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ नोव्हायला घेऊन आला. तेव्हापासून आमच्या घरात एकच कार्यक्रम. हिंडणं. माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे की माणसाला हिंडवलं की त्याचं दुःख कमी होतं. झाला प्रत्येक वीकेंडला प्लॅन. नायगारा झाला, शिकागो झालं, मॅकिनॉचा पूल झाला. बाबा सगळीकडे निमूट यायचे, फोटोला उभे राहायचे, विचारलं की “छान आहे” म्हणायचे. आणि घरात कुणाच्या तोंडून आईंचं नाव निघालं की अमितला नेमका काहीतरी महत्त्वाचा फोन करायचा असायचा. मी दोनदा भांडले. अरे, बाबांशी जरा बोल, नुसतं काय गाडीत घालून फिरवतोस? तर म्हणे, “बोलून काय होणार आहे, वीणा? उगाच त्यांना त्रास.” मी हात टेकले.

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या लाँग वीकेंडला त्याने मिसिसिपीच्या काठचं हे गाव शोधून काढलं. सेंट ओडील. इवलंसं गाव, पण अमेरिका अमेरिका व्हायच्या आधीचं, फ्रेंच लोकांनी वसवलेलं. त्यांची जुनी लाकडी घरं अजून उभी आहेत, दगडी चर्च आहे, दफनभूमी आहे, आणि गावामागे नदीवर झुकलेला उंच कडा आहे. फ्रेंच नावाडी नदीतून सुखरूप परत आले की त्या कड्यावरच्या छोट्या दगडी देवळात मेणबत्ती लावायचे म्हणे. चर्चच ते, पण एवढंसं, की बाबा त्याला देऊळच म्हणाले. अमितने फोनवर तासातासाचा बेत केला होता. कडा, मग चर्च, मग घरं, मग आइस्क्रीम. बाबांचं परतीचं तिकीट पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि त्याला काही राहून जायला नको होतं.

आम्ही आधी कड्यावर गेलो. पार्किंगजवळच्या बाकड्यावर मी डबे उघडायला बसले, मेथीचे पराठे आणि दाण्याची चटणी. आमची केया, वय वर्षं सोळा, फोनमध्ये डोकं घालून बसलेली. अमित नदीचे फोटो काढायला गेला. बाबा म्हणाले, “मी ते देऊळ बघून येतो.” मी म्हटलं, लवकर या, पराठे गार होतील. तेवढंच. काही वावगं वाटलं नाही.

पराठे गार झाले. बाबा आले नाहीत. अमित आला, बाबा नाहीत. केयाला पाठवलं, ती धावत परत आली. देवळात कुणी नाही. मग आम्ही तिघं हाका मारत सुटलो. झाडीत, बाथरूममध्ये, गाडीजवळ. ऊन चांगलं तापलं होतं आणि मला आतून थंडी वाजत होती. शेवटी अमितने बाबांना फोन लावला. आणि फोन वाजला. जवळच वाजला, कठड्याच्या पलीकडे.

कठडा म्हणजे कमरेएवढा लोखंडी. त्याच्या पलीकडे चार पावलं खडक आणि मग सरळ खाली नदी. त्या खडकावर बाबांचे पांढरे स्नीकर्स ठेवलेले, अमितनेच घेऊन दिलेले. जोडीने, नीट. आत मोजे गुंडाळून घातलेले, एका बुटात घड्याळ आणि वाचायचा चष्मा, दुसऱ्यात तो वाजणारा फोन. अमितने फोन कट केला नाही. तो तसाच वाजत राहिला.

तोवर कुणीतरी रेंजरला बोलावलं होतं. तरुण बाई होती, डोनेली तिचं नाव. तिने बूट पाहिले आणि ती एकदम हळू आवाजात बोलायला लागली. त्यांचं वय काय, तब्येत कशी असते, हल्ली घरात काही झालंय का, ते उदास असतात का. अमित म्हणाला, माझी आई गेली मार्चमध्ये. एवढं म्हणून तो खाली जमिनीवरच बसला. डोनेली बाजूला जाऊन वॉकी-टॉकीवर बोलू लागली. तिच्या बोलण्यातला ‘बोट’ हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

केयाने माझी बाही धरली. “मॉम,” ती म्हणाली, “दे थिंक आजोबा जम्प्ड.”

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा त्या रेंजरकडे गेले आणि तिला सुनावलं. म्हटलं, बाई, तुम्हाला काही माहीत नाही. आमच्यात देवासमोर जाताना पायात काही घालत नाहीत. हे माझे सासरे गुरुद्वारात बूट काढतात, चर्चमध्ये काढतात, डेट्रॉइटला एका स्मारकासमोर त्यांनी भर पावसात बूट काढले होते. पुढे कुठे पाय ओला होणार असेल तर घड्याळ-चष्मा बुटात ठेवायची आमच्याकडे पद्धतच आहे, नदीवर गेलेला कुणीही माणूस हेच करतो. ते देवळाला नमस्कार करायला गेलेत आणि वाट चुकलेत, बोटी कसल्या मागवताय? ती शांतपणे ऐकत होती, मान हलवत होती. मला तिच्या त्या समजूतदार मान हलवण्याचा इतका राग आला की काय सांगू.

कारण मी बोलत होते आणि मला दिसत होतं. देऊळ डावीकडे, पार झाडांच्या पलीकडे. बूट उजवीकडे. आणि बूट कठड्याच्या पलीकडे. देवाच्या दारात जाणारा माणूस आधी कठडा ओलांडत नाही. हे मला पहिल्या क्षणालाच दिसलं होतं आणि मी ते कुणालाही बोलले नाही. अमितला तर नाहीच.

खाली गढूळ पाण्यात शेरीफची बोट आली आणि काठाकाठाने हळूहळू फिरायला लागली. ते मला बघवेना. केयाला म्हटलं, तुझ्या बाबाजवळ थांब, त्याचा हात सोडू नकोस. कड्याच्या बाजूने गावाकडे उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत, तिकडे मी निघाले. तिकडेच का, विचारू नका. बोटीकडे पाठ फिरवायची होती, बस. उतरताना मी बाबांना मोठ्यांदा बोलत होते. बाबा, हे बरं नाही केलंत. असं कुणी करतं का? मुलाच्या डोळ्यांदेखत? सून आहे मी, परकी आहे का, एक शब्द सांगता आला नाही? समोरून एक जोडपं येत होतं, ते बिचारे मला वाट देऊन बाजूला झाले.

मध्येच एका पायरीवर रक्ताचा डाग दिसला. छोटासा, ओला. पुढे आणखी एक. मग मी धावतच सुटले.

पायऱ्या संपतात तिथे पहिलंच घर त्या जुन्या फ्रेंच घरांपैकी, आता म्युझियम केलेलं. भोवताली चारी बाजूंनी ओसरी. ओसरीवर एक पिकल्या केसांची बाई उभी होती, गळ्यात गाइडचं कार्ड. मी धापा टाकत काही विचारायच्या आत तीच म्हणाली, अनवाणी गृहस्थांना शोधताय का? ते आत आहेत. आत्ताच आमची टूर संपली.

बाबा आत बाकावर बसले होते. अंगठ्याला बँडेज, हातात बिस्किटाचा पुडा. त्यांच्यामागे अडीचशे वर्षांपूर्वीची भिंत, आडवे नाही, उभे ओंडके थेट जमिनीत पुरून उभारलेली. गाइडबाई कौतुकाने सांगत होती, इतका सभ्य माणूस नाही पाहिला, आमची जुनी फरशी खराब होऊ नये म्हणून बूट बाहेरच काढून आले, आणि केवढे प्रश्न विचारले, लाकूड कुजत का नाही, पाया किती खोल आहे. मी अमितला फोन केला. “आहेत,” एवढंच म्हटलं.

मग मी बाबांना ओरडले. सासऱ्यांना, आयुष्यात पहिल्यांदा. वर बोट मागवलीय, नदीत माणसं शोधतायत तुम्हाला, तुमच्या मुलाचं काय झालंय माहीत आहे का, आणि तुम्ही इथे बिस्किटं खाताय. गाइडबाई हळूच आत निघून गेली. बाबा ऐकून घेत होते. माझं बोलून संपलं आणि मला रडू फुटलं, ते मला मुळीच नको होतं.

“बाबा,” मी डोळे पुसून विचारलं, “देवळासाठी काढले होते ना बूट?”

त्यांनी पुडा बाकावर ठेवला.

“नाही गं,” ते म्हणाले. “लताकडे जायचं होतं.”

मी त्यांच्याशेजारी बसले. बाबा भिंतीकडे बघत हळूहळू सांगत होते. कठडा सहज ओलांडला म्हणाले, भीती नाही वाटली. खडकावर उभे राहिले. मग पायाला खडा टोचला, खाली बघितलं तर एका बाजूला ही घरं दिसली, धुराडी दिसली, कुणीतरी अंगणात कपडे वाळत घालत होतं.

“आणि मला भूक लागली, वीणा. तू पराठे आणलेत, ते आठवलं. इतकी लाज वाटली मला. तिच्याकडे निघालेला माणूस, आणि पराठ्यांचा विचार करतोय. तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं, म्हणून बूट तसेच ठेवून इकडे उतरलो.”

“लागते भूक,” मी म्हटलं. “लागलीच पाहिजे.”

मग बाबा म्हणाले, अमितला सांगू नकोस, तो कोलमडेल. माझा राग पुन्हा उसळला, पण या वेळी मी आवाज खाली ठेवला. म्हटलं, परतीचं तिकीट उद्या कॅन्सल होतंय. मंगळवारी डॉक्टर, मी स्वतः घेऊन जाणार आहे. आणि अमितला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. कोलमडला तर कोलमडू दे, आपण आहोत ना उचलायला. बाबांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात थंड होता.

वर पोचल्यावर बूट देवळासाठीच काढले असं सगळ्यांनी धरलं, आणि सगळं हसण्यावारी गेलं. डोनेलीने दहा वेळा माफी मागितली, बोट परत गेली, लोक बाबांशी हात मिळवत होते. अमितने बाबांना बूट घातले, नाड्या स्वतः बांधल्या. एका टूरसाठी तुम्ही पूर्ण शेरीफ डिपार्टमेंट हलवलंत बाबा, असं म्हणून तो हसला. जरा जास्तच हसला. पुढचं सगळं कॅन्सल करून आम्ही हॉटेलकडे निघालो. गाडीतही तो बोलतच होता, नोव्हायला गेल्यावर हे मित्रांना कसं सांगायचं, देवळाचा किस्सा, अनवाणी टूरचा किस्सा. केया मागे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. पुढच्या सीटवर बाबा. दोन्ही बाजूंना नुसता मका.

“अमित,” बाबा म्हणाले, “गाडी जरा बाजूला घे.”

“का? बाथरूम? पुढे गॅस स्टेशन येईल ना.”

“बाथरूम नाही. तुझ्या आईबद्दल बोलायचंय मला. आणि बुटांबद्दल.”

अमितने इंडिकेटर लावला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं. “बोला, बाबा,” तो म्हणाला. आणि बाबांनी तोंड उघडायच्या आधीच, दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून, तो रडायला लागला.