काच नसलेला चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, पण माझ्यात काचा शोधू नका. त्या मला कधी नव्हत्याच. काचांच्या जागी केसाहून बारीक धागे लावतात, प्रत्येक माणसासाठी नवे. तो धागा डोळ्याच्या खालच्या कडेला अलगद टेकतो. माझी वायर एका छोट्या पेटीला जोडलेली आहे. तिच्यातून अगदी सौम्य वीज येते आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर थकत चाललेल्या पेशींना जागं ठेवू पाहते. त्यासाठी डोळा कापावा लागत नाही, टाका घालावा लागत नाही.

माझी पहिली वर्षं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेली. मी आंधळ्याला डोळस करतो अशी बातमी पसरली होती, म्हणून लोक लांबून येत. ती बातमी खरी नव्हती. जो पडदा पुरता विझला, तिथं माझं काही चालत नाही. माणसं निराश होऊन परतली. पुढं नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली.

अमिषा डॉक्टरांनी मला तिथून मागून घेतलं. रेवसच्या रस्त्यावर त्यांनी डोळ्यांचा दवाखाना काढला होता. त्यांनी माझी वायर बदलून घेतली, मला नीट तपासून घेतलं आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये मांडीवर ठेवून इकडं आणलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

इथं माझ्याकडं पहिली आली रंगू. ती आणि तिचा नवरा तुळशीराम मिठागरात काम करत. तिची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. समोरचं दिसे, बाजूचं दिसत नसे. मिठागराच्या बांधावरून ती दोनदा खाली पडली, तेव्हा घरच्यांनी तिचं कामच बंद केलं. दिवसभर ओट्यावर बसून राहायचं, हेच तिला जास्त लागलं होतं.

डोळ्याला वीज लावायची हे ऐकल्याबरोबर ती खुर्चीवरून उठली. तिचा सासरा मिठागरातल्या पंपाचा शॉक लागून गेला होता. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं, पण ती दाराकडं निघाली. तेव्हा तुळशीराम त्या खुर्चीत जाऊन बसला.

"डॉक्टरबाई, आधी माझ्या डोल्यांना लावा," तो म्हणाला. "ती बघंल."

डॉक्टरांनी थोडा विचार केला, त्याचे डोळे तपासले आणि मला त्याच्या नाकावर चढवलं. त्याच्या मुठी घट्ट आवळलेल्या मला दिसत होत्या. हळूहळू त्या सैल झाल्या. रंगू दारातच उभी राहून त्याच्याकडं बघत होती. तो हसला, तशी ती परत आली.

पेटी चालू झाल्यावर रंगूच्या मिटल्या डोळ्यांत ठिणग्या उमटू लागल्या. डॉक्टरांनी काय दिसतं विचारलं.

"वाफ्यात मीठ पडाया लागलं की उन्हात चमकतं ना," ती हळूच म्हणाली, "तसं दिसतंय."

त्यानंतर ती दर आठवड्याला येत राहिली. मी चमत्कार केला नाही, मित्रांनो. गेलेलं बहुतेक गेलंच. पण तपासणीत नजर आणखी मिटलेली दिसेना, आणि कडेचा थोडासा भाग उजळला. तेवढ्यावर ती काठी घेऊन सकाळच्या उजेडात बांधावरून चालू लागली. हे सांगताना तुळशीरामनं डॉक्टरांपुढं हात जोडले, आणि मग माझ्यापुढंही.

एकदा रंगू सणाला माहेरी दिवेआगरला गेली. तिचा धाकटा भाऊ सदा तिथं सुपारीच्या झाडांवर चढून सुपारी उतरवायचं काम करतो. तिन्हीसांजेला तो अंगणातल्या बादलीला अडखळला आणि उगाच बादलीवर चिडला. बाकीचे हसले. रंगू हसली नाही. तिची स्वतःची सुरुवात अशीच झाली होती, आणि हा आजार भावंडांतही असू शकतो असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

ती त्याला घेऊन आली. तो डॉक्टरांसमोर बसेना. त्याला कित्येक महिने संध्याकाळी नीट दिसत नव्हतं. पण हे कळलं तर सुपारीच्या वाडीचे मालक झाडावर चढू देणार नाहीत, म्हणून त्यानं लपवलं होतं.

"ताय, मना काय न्हाय झालं," तो म्हणाला.

रंगूनं चाचपडत त्याचा हात धरला. "माजं गेलं ते गेलं, सदा. तुजं आजून हाय."

 तेव्हा तो स्वतःच खुर्चीत येऊन बसला.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी संध्याकाळी अडखळत असेल, तर हसू नका आणि रागावू नका. त्यांना वेळेवर डॉक्टरांकडं न्या. विझलेला पडदा मला पेटवता येत नाही. तेवत असलेला मात्र कधी कधी राखता येतो. सदाच्या डोळ्यांत अजून पुष्कळ उजेड आहे. तो उजेड माझ्या हाती वेळेत दिला, याबद्दल मी रंगूचा ऋणी आहे.