चौथा प्लग

फेरी झाली की इंजिनातले सहाही स्पार्क प्लग काढायचे, टॉवेलवर ओळीनं मांडायचे आणि भिंगातून एकेकाचा रंग बघायचा, ही वेगाच्या शर्यती होतात त्या मिठाच्या पटांगणावरची जुनी रीत. शेजारच्या गाड्यांचे लोकही न विचारता येऊन वाकून बघायचे आणि फुकटचे सल्ले देऊन जायचे. फिकट तपकिरी रंग असला की सिलिंडरची तब्येत ठणठणीत. व्हर्डेल सोरेन्सननं पन्नास वर्षांत असे हजारो प्लग वाचले होते, त्यामुळे चौथा प्लग हातात आला तेव्हा त्याला भिंग लागलंच नाही.

प्लग लख्ख होता. घासून पुसून ठेवल्यासारखा पांढरा.

अननुभवी माणसाला वाटलं असतं, वा, किती स्वच्छ! पण व्हर्डेलनं तो पटकन मुठीत झाकला. प्लग धुतला गेला होता, पाण्याच्या वाफेनं. चौथ्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं, आणि ते कुठून शिरतंय हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्याची मुलगी जनील, जी ही गाडी चालवायची, ती वेळेची चिठ्ठी आणायला तंबूकडे गेली होती. बाकी सगळे आपापल्या गाड्यांत डोकं खुपसून बसलेले. व्हर्डेलनं चौथा प्लग पँटच्या खिशात टाकला. हत्यारांच्या पेटीतून एक जुना, छान तपकिरी झालेला प्लग काढला आणि त्या जागी ठेवून दिला. सत्त्याहत्तर वर्षांचा बाप, आणि परीक्षेत चिठ्ठी लपवणाऱ्या पोरासारखे त्याचे कान तापले.

आता या माणसाला काय म्हणावं! बरं, तो लबाड होता असंही नाही. बर्ली गावातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये आख्ख्या तालुक्याचे ट्रॅक्टर डोळे मिटून सोडले जायचे. पण या इंजिनानं त्याला झपाटलं होतं. एकोणीसशे बावन्न सालच्या एका ट्रकचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं हे धूड. मुळात दीडशे घोड्यांच्या ताकदीचं. सहा हिवाळे खपून व्हर्डेलनं त्यातून चारशे वीस घोडे काढले होते. सिलिंडर कोरून कोरून मोठे केले, भिंती पार पातळ झाल्या. त्या फाकू नयेत म्हणून पाणी फिरण्याच्या पोकळीत निम्म्यापर्यंत सिमेंटसारखा मसाला ओतायचा, हेही वेगवाल्यांचं नेहमीचंच. पण मसाला ओतायच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारीत, त्यानं चुंबक लावून लोखंडाची भुकटी टाकली आणि चौथ्या सिलिंडरच्या भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली. तडा. आत नवी नळी बसवावी तर जागाच उरली नव्हती. दुसरा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा अख्खा सांगाडाच, शोधायचा तर आणखी दोन वर्षं. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभा राहिला. मग भुकटी पुसली आणि दुसऱ्या दिवशी मसाला ओतला. धरेल मसाला, दीड-दीड मिनिटांच्या दोन तर फेऱ्या, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जनीलला मात्र सांगितलं नाही.

"ताशी एकशे चौऱ्याहत्तर मैल!" जनील चिठ्ठी नाचवत आली. एक्केचाळीस वर्षांची बाई, पण चेहरा शाळेतल्या पोरीसारखा फुललेला. "विक्रमापेक्षा अडीच मैल जास्त, डॅड! अठरा वर्षांत कुणाला जमलं नव्हतं!"

तिच्या मागून पंच ग्लेड हूप्स आला. "काय रे व्हर्डेल, इंजिन आहे की तुझ्या आजीचं शिलाई मशीन? किती गोड आवाज!"

"जळतोयस तू," व्हर्डेल म्हणाला. आवाज नीट निघाला, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"जळेन उद्या. उद्या पहाटे परतीची फेरी, दोन्हींची सरासरी, मग विक्रम. आता चार तास गाडीला काय करायचं ते करा. नंतर कुणी बोट लावलं तर मी आहेच."

ग्लेड गेल्यावर जनील टॉवेलपाशी गुडघ्यांवर बसली आणि भिंग घेऊन एकेक प्लग बघू लागली. काम करताना तिची एक सवय होती. जे जे तिनं हातानं बसवलं, घट्ट केलं, त्यावर ती लाल नेलपेंटचा ठिपका ठेवायची. 'माझं काम, माझी जबाबदारी,' म्हणायची. पहिला प्लग, दुसरा, तिसरा. चौथ्यावर ती जरा थांबली. व्हर्डेल उगाचच पाना पुसत राहिला.

"छान रंग आलाय," ती म्हणाली आणि प्लग परत बसवायला लागली.

संध्याकाळी जवळच्या वेंडोव्हर गावातल्या खानावळीत जनीलनं बटाट्याच्या फोडी गुलाबी सॉसमध्ये बुडवून खाल्ल्या. व्हर्डेलनं ताट तसंच बाजूला सारलं.

"खात का नाहीस?"

"मिठानं तोंड खारट झालंय."

"उद्या पळवायची ना गाडी?"

"म्हणजे काय? पळवायचीच."

तिनं ग्लासातलं पाणी संपवलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "तुझी खात्री आहे, डॅड? इंजिनाची?"

"आहे गं बाई, आहे. किती वेळा विचारशील?"

त्यानंतर तिनं विचारलं नाही. व्हर्डेलला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची शरम वाटली. गेली दोन वर्षं मिठावर पाणी साचून शर्यत रद्द झाली होती. पुढच्या वर्षी मीठ असेल की नाही आणि आपण तरी असू की नाही, कुणी सांगावं? एकच फेरी उरली होती, फक्त दीड मिनिट.

पहाटे पटांगण निळसर पांढरं दिसत होतं. गाड्यांची रांग लागली होती, जनीलच्या गाडीपुढे एकच गाडी उरली होती. जनील आत बसली, हेल्मेट घातलं. पट्टे ओढायचं काम नेहमी व्हर्डेलचं. तिनं पहिल्यांदा गाडी चालवली तेव्हापासून दुसऱ्या कुणाला तिनं तिथे हात लावू दिला नव्हता. त्यानं कमरेचे पट्टे ओढले. मग उजव्या खांद्याचा.

"अजून," ती म्हणाली.

त्यानं अजून ओढला. पुढची गाडी गर्जत निघून गेली. व्हर्डेलला तिचा आवाज ऐकूच आला नाही. त्याला चौथा सिलिंडर दिसत होता. पाणी काही दाबलं जात नाही. भरधाव वेगात सिलिंडरमध्ये ते घोटभर जरी साचलं तरी पिस्टनचा कनेक्टिंग रॉड मोडणार, ब्लॉक फोडून बाहेर येणार, उकळतं तेल लालबुंद पाइपांवर सांडणार. आणि आत जनील, त्यानंच आवळलेल्या पट्ट्यांत.

त्यानं डाव्या खांद्याचा पट्टा ओढला. तो शेवटचा होता. ग्लेड हातानं खूण करत त्यांच्याकडे यायला लागला.

"उतर," व्हर्डेल म्हणाला. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं तिच्या हेल्मेटची काच वर सरकवली. "जनील, उतर खाली. ब्लॉक तडकलाय. फेब्रुवारीपासून तडकलाय, मला माहीत होतं." खिशातला प्लग काढून त्यानं तिच्या हातमोज्यावर ठेवला.

जनीलनं प्लगकडे बघितलंसुद्धा नाही. "लाल ठिपका आहे बघ त्याच्यावर."

होता.

"काल टॉवेलवर जो ठेवला होतास, त्याच्यावर नव्हता."

व्हर्डेल तिच्याकडे वाकला. "म्हणजे तुला कालपासून... मग तू बसलीस कशाला, पोरी? मी बोललो नसतो तर?"

तिनं दुसरी मूठ उघडली. मुठीत इग्निशनचा फ्यूज होता. "तर गाडी सुरूच झाली नसती. सकाळी रांगेत येताना काढून घेतला."

"मग हे सगळं कशासाठी?"

"जेवताना दोनदा विचारलं तुला. दोनदा! म्हटलं, रात्रीतून सांगेल. म्हटलं, निदान पट्टे ओढताना तरी बोलेल." तिचा आवाज फुटला. "शेवटचा पट्टासुद्धा ओढलास, डॅड."

ग्लेड येऊन ठेपला. "काय मंडळी, निघायचं ना?"

व्हर्डेलनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. ग्लेडनं एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि चेष्टा करायला उघडलेलं तोंड मिटून मागच्या गाडीला पुढे बोलावलं.

व्हर्डेल तिचे पट्टे सोडवायला वाकला. कडी त्याच्या बोटांना सापडेना. जनीलनं त्याचा हात हळूच बाजूला केला आणि स्वतःच कडी उघडली.