घासून चकचकीत झालेली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. त्याआधी मी तेलाचं पिंप होते. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका वेल्डरने मला मधोमध चिरलं, बिजागऱ्या लावल्या, पाइपाचे चार पाय दिले आणि वर सळयांची जाळी बसवली. एक पाय बोटभर आखूड निघाला, म्हणून त्याखाली लाकडाचा तुकडा आला.

त्याने मला ताईसाठी बनवलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वीस वर्षं ती हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बिनमिठाच्या भाज्या उकडत होती. सुट्टीच्या दिवशी मात्र ती वर्कशॉपमागे माझ्यावर कोंबडी, मासे, कणसं भाजायची आणि सगळी गल्ली बोटं चाटायची. भाजून झालं की जाळी नुसती पुसायची आणि वर तेलाचा हात फिरवायची. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. दहा वर्षांत माझ्या सळयांवर काळा, गुळगुळीत थर चढला; त्यावर काही चिकटत नसे.

मग मोठ्या शहरातल्या बार्बेक्यू महोत्सवाचं बोलावणं आलं. शनिवार-रविवार, दोन दिवस. ताईने भावाला बजावलं, की अनोळखी माणसांनी पुन्हा मागून खाल्लं तर कॅन्टीन सोडून स्वतःचं दुकान थाटायचं. नाहीतर हा विषय परत काढायचा नाही.

शनिवारी सकाळी मी टेम्पोतून उतरले आणि थक्कच झाले. मला वाटायचं, पोटात विस्तव घेणारी जगात मी एकटीच. इथे तर मैदानभर माझंच गणगोत! एक शेगडी ट्रकएवढी, तीन धुराड्यांची. तिचं दार उघडायला दोन माणसं लागत. कुठे विटांच्या भट्ट्या, कुठे साखळीवर सावकाश फिरणारं मांस, आणि माणसं ते गप्प उभी राहून बघत होती. धुरातून सूर्य तांबूस दिसत होता. आपलं कूळ एवढं थोर आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यात मी चमकतही होते. शहरात आपलं काम काळंकुट्ट दिसू नये, म्हणून वेल्डरने आदल्या दिवशी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून माझी जाळी लखलखीत केली होती. घासल्याशिवाय वेल्डरला काम पुरं झालंसं वाटत नाही. ताईला अचानक दाखवून खूश करायचं, म्हणून जाळी फडक्यात गुंडाळून आणली होती.

ताईने फडकं सोडलं आणि तिचा चेहरा उतरला. पण समोर रांग लागली होती. तिने घाईने तेल फासलं आणि कोंबडी ठेवली. उघडं लोखंड ते! कातडी अशी चिकटली, की उलटताना चिंध्या झाल्या. पहिल्या गिऱ्हाइकाने बशी अर्धीच ठेवली. बघता बघता रांग पांगली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी घासली," वेल्डर खाली मान घालून म्हणाला. "वाटलं, छान दिसेल."

ताई रागावली असणार, पण तिने अर्धा कांदा काट्याला खोचला, तेलात बुडवला आणि तापलेल्या सळयांवर फिरवू लागली. तेल जळून कोरडं झालं की पुन्हा. दुसरा अर्धा कांदा भावाने घेतला. अख्खी दुपार त्यांनी काही विकलं नाही. तीन धुराड्यांवाल्या शेगडीचा म्हातारा मालक हे बघत होता. आपली गर्दी सोडून तो आला, चरबीचा एक गोळा ताईच्या हाती दिला आणि म्हणाला, "तेल चोळत राहा. हिला घाई करू नका." एवढ्या अजस्र शेगडीचा धनी माझ्यासमोर वाकून सळया निरखत होता!

रविवारी माझ्या सळया पुन्हा काळसर दिसू लागल्या. ताईने श्वास रोखून कोंबडी उलटली आणि ती अलगद सुटली. दुपारपर्यंत बश्या चाटूनपुसून परत येत होत्या. म्हातारा रांगेत उभा राहून खाऊन गेला आणि पुन्हा रांगेत आला. त्याच्या हाती दुसरी बशी देऊन ताई भावाकडे वळली.

"उद्या कॅन्टीनला जाते," ती म्हणाली. "सांगून येते, की आता येणार नाही."

वेल्डरने डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण घासायला बसण्याआधी, त्यांच्यावर राबणाऱ्याला एकदा विचारा. वेल्डर ज्याला मळ समजला, ती त्याच्या ताईची दहा वर्षं होती.