अक्कानं धाडलेली वांगी

“कशी झाली होती रे भाजी?” फोनवर नेत्रावतीनं विचारलं, आणि गुरुबसवनं हातातला टायर तसाच सोडला.

“काय सांगू अक्का! लोण्यावानी. बोटं चाटून खाल्लो बघ.”

धडधडीत खोटं! वांगी त्यानं सकाळीच उकिरड्यावर टाकली होती.

पंचमीला भावानं बहिणीला माहेरी आणायचं, ही त्यांच्याकडची रीत. त्याच्या बायकोला, पवित्राला, तिचा भाऊ येऊन घेऊनही गेला. गुरुबसव मात्र अक्काला आणायला खजुरीला गेला नाही. मन्नाएखेळ्ळीत हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. सणाला गाड्या वाढतात, धंदा सोडवेना. आई गेल्यावर याला लहानाचं मोठं केलं ते या अक्कानं, आणि हा पठ्ठ्या टायर फुगवत बसला! रुसणं दूरच, उलट तिनंच बसच्या कंडक्टरकडं परसातली वांगी धाडली. लिंबाएवढी, जांभळी, चकचकीत; बीही न धरलेली कोवळी. फोन करून बजावलंही होतं, “धुऊ नको. फ्रिजात कोंबू नको, थंडीनं काळी पडतेत. टोपलीत वाऱ्याला ठेव अन् दोन दिसांत खा.”

ह्यानं काय करावं? धूळ दिसली म्हणून खळखळून धुतली, ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि फ्रिजात मागं सारली. बायको घरी नाही, भरली वांगी करणार कोण? तो आठवडाभर ढाब्यावर जेवला. आज पिशवी सोडली, तर खड्डे पडलेली, पिचपिचीत वांगी आणि तळाला घाण पाणी.

“खरंच चांगली लागली?” नेत्रावतीचा आवाज उतरला. “आमच्याकडं त्याच तोड्याची कडूजहर निघाली रे गुरू. पाणी कमी पडलं झाडांला. पोरांनी तोंडात घेतली न्हाईत. सणाचं तुला कडू धाडले म्हणून जीव खायलाय. माफी मागावं म्हणून फोन लावले.”

गुरुबसवनं सोडलेला टायर उगाच पुन्हा उचलला.

“बरं,” ती म्हणाली. “ठेवते.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं शटर उघडलंच नाही. हुमनाबादला गाडी बदलून दुपारी खजुरी गाठली.

नेत्रावती परसात होती. “कामून आलास? दुकान?”

“बंद ठेवलो. अक्का, चुकलं माझं. तुला न्यायला आलो न्हाई. तू धाडलेलं खाल्लो बी न्हाई, सडवून टाकलो. वर खोटं बोललो. त्याच झाडांची करून घाल मला.”

“कडू हायत म्हणले की.”

“असू दे.”

तिनं वांगी तोडली, देठ ठेवून चिरा दिल्या, कारळाचं कूट भरलं. भाकरीबरोबर दोन वाढली आणि समोर बसली. गुरुबसवनं घास घेतला. घशापर्यंत कडू.

“कशी झालीय?”

“कडू हाय, अक्का,” तो म्हणाला. दोन्ही संपवली आणि ताट पुढं केलं.

नेत्रावतीनं आणखी एक वाढलं.