वरला वारा

१९६२ सालच्या पंगुनी महिन्यातील, मार्चअखेरच्या त्या सकाळी राजमने फुगा सोडला, तेव्हा तंजावूर अजून पुरते जागे झाले नव्हते. शहराबाहेरच्या एका छोट्या वेधशाळेत ती निरीक्षक होती. हायड्रोजन भरलेला पांढरा फुगा हातातून सुटला, की दुर्बिणीला डोळा लावून तो दिसेनासा होईपर्यंत त्याचे कोन टिपायचे आणि कोणत्या उंचीवर वारा कोठून वाहतो ते काढायचे, हे तिचे काम. ते तिने मागून घेतले होते, आणि त्यात आपला हात धरणारे कोणी नाही अशी तिची खात्री होती.

फुगा आधी नारळीच्या शेंड्यांवरून पूर्वेला सरकला, जमिनीलगतच्या कोरड्या वाऱ्याचे बोट धरून. मग हजारेक मीटरवर तो क्षणभर थबकल्यासारखा झाला, आणि एकाएकी माघारी वळून पश्चिमेकडे धावत सुटला. पूर्वेला पन्नास मैलांवर समुद्र होता. त्याचा ओला श्वास कोणाच्या नकळत उंचावरून आत शिरत होता. अशा पहाटेनंतरची दुपार कोरडी जात नाही, हे तिच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या सांगत होत्या.

पण पाऊस येईल असे म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता. अंदाज मद्रासच्या कचेरीने वर्तवायचा. निरीक्षकाने दिसले तेवढेच लिहायचे. हा नियम ती सोवळ्यासारखा पाळी.

ओरत्तनाडु गावाच्या अलीकडे तिच्या गंगाबाई आत्याचे खळे होते. यजमान गेल्यावर आत्या जमीन स्वतः कसू लागली, ते तिचे दीर तुळजाजी यांना रुचले नव्हते. यंदाचा उडीद कोरडा घरात आला तर जमीन तुमची, नाही तर पुढच्या चित्रै महिन्यापासून नांगर माझा, असे ते चारचौघांत म्हणाले होते. आणि आत्याने, मानी बाई ती, चारचौघांतच मान डोलावली होती. उडीद आता मळून खळ्यावर पडला होता, उफणायचा तेवढा राहिला होता.

राजमने कागदाच्या कपट्यावर तमिळ अक्षरांत मराठी मजकूर लिहिला. आत्याला बाळबोध वाचता येत नसे. ‘वरचा वारा फिरला आहे. दुपारपर्यंत जोर धरेल. उडीद जपावा.’ तिने तो पुन्हा वाचला. निरीक्षण होते, अंदाज नव्हता. सातच्या बसचा कंडक्टर सूर्यनारायण याच्या हाती तिने तो दिला.

“काय चिठ्ठी, राजम्मा? लग्नाची बोलणी?”

“वाऱ्याची.”

“तेच ते,” तो म्हणाला, आणि त्याने शिटी फुंकली.

नऊ वाजता ती घरी आली. आई शेषम्माने तिच्यापुढे इडलीचे पान ठेवले आणि सकाळची बातमीपत्रे सुरू केली. “अंबा येऊन गेली. वरल्या वीथीत तिला घर मिळालं म्हणे. खालल्या वीथीपेक्षा भलं, तिथं विहीर आहे.”

राजमचा हात पानावरच थांबला.

“काय झालं ग? चटणी तिखट आहे?”

“आई, वरली वीथी म्हणजे कोणती?”

“वेड लागलं काय डी पोरी? वरली म्हणजे वरली. राजवाड्याच्या पश्चिमेची!”

तमिळात पश्चिमेला वर म्हणतात आणि पूर्वेला खाल. इथली भूमीच समुद्राकडे उतरत गेलेली. राजवाड्याभोवतीच्या वीथ्यांना, म्हणजे रस्त्यांना, तीच नावे, आणि तिथल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ती आपल्या भाषेत उतरवून घेतलेली. वरला किंवा वरचा वारा म्हणजे पश्चिमेचा: कोरडा, निर्मळ, उफणणीचा. हे राजमला पाळण्यापासून ठाऊक होते. पण वेधशाळेत शिरताना ती घरचे शब्द चपलांबरोबर बाहेर काढून ठेवी, आणि आज सकाळी त्या उंचावरच्या वाऱ्याला तिने पुस्तकातून आणलेले नाव दिले होते. आत्याने काय वाचले असेल? वारा पश्चिमेला फिरला, दुपारी जोर धरेल, उडीद उघडून ठेव आणि सुपे घेऊन उभी राहा. ‘जपावा’ म्हणजे भुशाबरोबर दाणा उडू देऊ नकोस.

ती उठली. “इडली?” असे आई म्हणेपर्यंत ती वीथीच्या टोकाला पोहोचली होती.

बस ओरत्तनाडुच्या वाटेला लागली तेव्हा आभाळ घासलेल्या पितळेसारखे लखलखत होते. कालव्याच्या पाण्यावर सुरकुतीही नव्हती. ही शांतता कसली आहे ते राजम ओळखत होती.

खळ्यावर तिला भीती होती तेच दिसले. सगळी रास मोडून, दाणे आणि भुसा अंगणभर पसरून सहा बायका सुपे मांडीवर घेऊन वाऱ्याची वाट पाहत बसल्या होत्या. बांधावर पिंपळाच्या सावलीत तुळजाजीही बसले होते. ते वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत होते.

“आलीस?” आत्या हसून म्हणाली. “तुझा वारा कुठं वाटेत अडकला ग?”

“आत्या, झाक सगळं. आत्ताच्या आत्ता.”

“कशाला?” आत्याने पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. “वरचा वारा म्हणून तूच ना लिहिलंस? मला पहाटे मुंग्या अंडी घेऊन जाताना दिसल्या, मन मागं ओढत होतं. पण म्हटलं, राजमचं अक्षर आहे.”

राजमला ते शब्द सुपातल्या खड्यासारखे टोचले. “माझं चुकलं. वरचा म्हणजे उंचावरचा, असं मला म्हणायचं होतं. तो पश्चिमेचा नाही. खालला आहे, समुद्राचा.”

“वाहवा!” बांधावरून तुळजाजी म्हणाले. “वरचा वारा खालला! फुगे उडवण्याचा पगार देतं म्हणे सरकार. पाऊस येणार की नाही, तेवढं सांग ना पोरी.”

सहा बायका, आत्या आणि तुळजाजी तिच्याकडे पाहत होते. मद्रासची कचेरी फार दूर होती. नियम तिला तोंडपाठ होता. पण सकाळी माघारी वळलेला तो पांढरा ठिपकाही तिच्या डोळ्यांत तसाच होता, आणि त्याच्याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“येणार,” ती म्हणाली. “तीनच्या आत.”

आत्याने क्षणभर तिचा चेहरा वाचला, मग चिठ्ठी पुन्हा गाठीला बांधली. “उठा ग,” ती बायकांना म्हणाली. “सुपं ठेवा, टोपल्या घ्या.”

भुशासकट सगळे पडवीत न्यायचे ठरले. राजमने पदर खोचला. दोन वाजता पूर्वेच्या ताडांमागे शिसवी रंगाची एक भिंत उभी राहिली. पहिला गार झोत आला तेव्हा खळ्यावर अजून चौथा हिस्सा उरला होता. त्यावर त्यांनी नारळीच्या झापा ओढल्या. अर्ध्या तासात पाऊस असा कोसळला, की समोरची नारळीची बाग दिसेना. बांधावरचे तुळजाजी धावत पडवीत आले. येताना, कोणी न सांगता, कडेला राहिलेली एक टोपली त्यांनी काखेत मारून आणली.

पाऊस ओसरल्यावर आत्याने झापा उचलल्या. खालचे दोन टोपल्या उडीद भिजून फुगले होते. पडवीतली रास कोरडी होती. तिने तीत कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“हे दोन टोपल्या आज भिजत घातले म्हणू,” ती म्हणाली. “उद्या वडे.”

तुळजाजी उंबऱ्याशी उभे राहून धोतर पिळत होते. जमिनीचे नाव त्यांनी काढले नाही. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, “माझा उडीद अजून शेतात उभा आहे, राजम. उद्या उपटायचा म्हणतो. काय म्हणतेस?”

“अंदाज मद्रास सांगतं, काका.”

“मद्रासला माझं शेत ठाऊक आहे?”

आत्या खळखळून हसली. राजम अंगणात आली. ढगांची वरची कड अजून पश्चिमेकडेच सरकत होती.

“उद्या उपटू नका,” ती म्हणाली, आणि या वेळी प्रत्येक शब्द तिने घरातला निवडला. “उंचावर अजून खालला वारा आहे.”