टोपी बदलली तरी

मी एक म्हातारा मॅगपाय पक्षी आहे, मित्रांनो. काळापांढरा, कावळ्याच्या अंगापिंडाचा, चोच धारदार आणि गळा मात्र गोड. साप डूख धरतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते विसरा. आमच्या मैदानाच्या कडेला तपकिरी साप रग्गड आहेत, एकालाही कालची गोष्ट आठवत नाही. डूख धरावा तर आम्ही. माणसाचा चेहरा एकदा मनात धरला की आम्ही सहसा तो सोडत नाही. मी धरला तो चेहरा मर्व्ह ट्रेसिडरचा.

माझा जन्म याच गावातला, फुटबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यातल्या निलगिरीवरचा. तरुणपणी मी गाऊ लागलो की लोक चहाचा कप घेऊन अंगणात येत आणि माझं कौतुक करत. त्याच झाडावर मी आणि माझ्या जोडीदारणीनं घरटं बांधलं. काटक्या, कुंपणाच्या तारेचे तुकडे, आत मऊ मेंढीची लोकर. थंडी सरली, वॅटलची झाडं पिवळ्या फुलांनी भरली आणि आम्हाला पिलू झालं. एकच.

पिलू घरट्यात असलं की नरानं पहारा करायचा, हा आमचा रिवाज. मर्व्ह तेव्हा गावचा पोस्टमन होता. लाल मोटरसायकलवरून तो झाडाखालून गेला, तेव्हा मी त्याच्या कानामागे नुसती चोच वाजवली. बाबा रे, जरा लांबून जा, एवढाच त्याचा अर्थ. त्यानं हात झाडले, तोल गेला आणि पबसमोर बसलेल्या मंडळींदेखत तो पत्रांसकट चिखलात आडवा झाला. लोक पोट धरून हसले. हसणाऱ्यांचं काही वाकडं करता येत नाही, म्हणून त्यानं माझ्यावर राग काढला. संध्याकाळी छपराची पन्हळ साफ करायची लांब काठी घेऊन आला आणि माझं घरटं खाली पाडलं.

पिलू सकाळ बघू शकलं नाही. जोडीदारीण गवतात त्याच्याभोवती फिरत राहिली, चोचीनं त्याला उठवत राहिली. मी फांदीवर बसून ठरवलं, या माणसाचा एक डोळा घ्यायचा.

तेव्हापासून दर वसंतात मी त्याच्या मानगुटीवर. दुसऱ्या कुणाला पिसाचाही धक्का नाही, फक्त मर्व्ह. तो निवृत्त झाला, मोटरसायकल गेली, मी मात्र रजा घेतली नाही. तो टोप्या बदलायचा. एकदा आइस्क्रीमच्या डब्यावर मागे मोठे डोळे रंगवून तो डबा डोक्यावर घालून आला. गाव हसलं, मीही हसलो आणि मग त्याचा कान फोडला. अरे शहाण्या, मी चेहरा ओळखतो, टोपी नाही!

मग त्यानं लाच द्यायला सुरुवात केली. मी टोचलं की दुसऱ्या दिवशी खिमा आणून टाकायचा. मी खिमा खायचो आणि पुन्हा टोचायचो. झकास चाललं होतं.

अशात त्याची बायको, नोलीन, मैदानापलीकडच्या वृद्धाश्रमात गेली. तिला विसरायला होऊ लागलं होतं. मर्व्हची नजर अधू, गाडी चालवता येईना, आणि दुसरा रस्ता हायवेवरून, त्याच्या गुडघ्यांना न झेपणारा. त्यामुळे दुपारी चहाच्या वेळी तिच्यासाठी खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक घेऊन तो मैदानातून निघायचा. मी झेपावलो की अर्ध्या वाटेतून माघारी. केक हातात तसाच. खोटं कशाला बोलू, ते बघून माझं काळीज थंड व्हायचं. माझं पिलू गेलं, आता याचंही माणूस तुटू दे, असं मी म्हणायचो.

मग शहरातून त्याची मुलगी आली, ब्रॉनी. दवाखान्यात ती लोकांच्या सवयी सोडवते. कुणाची सिगारेट, कुणाचं नखं खाणं, कुणाची भीती. मैदानाच्या टोकाला बाक आहे, तिथं दोघं बसली. मी वर होतोच.

खिम्याचं कळल्यावर ती कपाळाला हात लावून हसली. "बाबा, तू त्याला टोचल्याबद्दल बक्षीस देतोयस. आणि तो झेपावला की तू पळतोस, तेही त्याला बक्षीसच. तुझंही तसंच आहे. पळालास की सुटलास, म्हणून उद्या आणखी लवकर पळतोस. तुम्ही दोघांनी एकमेकांना पक्कं शिकवून ठेवलंय."

"मला शिकवायला तुझ्या आईलाही जमलं नाही," मर्व्ह म्हणाला.

ती म्हणाली, रोज दुपारी याच वेळी इथं बसायचं, डोळे मिटायचे आणि श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढं बघायचं. जमलं की बाक थोडा झाडाकडे सरकवायचा. "आणि हात वर जायला लागला ना, तर त्याच्याशी भांडू नकोस. जातोय, एवढंच बघ. बघितलं की मधे जरा जागा होते. त्या जागेत ठरव, काय करायचं ते."

ध्यान म्हणे! डोळे मिटून, माझ्या झाडाखाली! आयतं पाखरू जाळ्यात येतंय, असं मीच म्हणालो.

पहिल्या दिवशी मी कानशिलावर घाव घातला. त्याचे दोन्ही हात वर, केक गवतात, म्हातारा पळाला. पण दुसऱ्या दिवशी परत आला. पुढे पुढे एकच हात उठू लागला. मग तोही खांद्यापर्यंत जाऊन परत मांडीवर. रक्त यायचं, पण तो उठायचा नाही. खिमाही बंद. मी ओरडलो, चोच वाजवली, दुप्पट जोरानं झेपावलो. पण जो पळत नाही त्याचा पाठलाग कसा करायचा? माझा राग हवेतच राहायला लागला. त्या संतापानं मला अन्न गोड लागेना.

एक दिवस तो बाकावरून उठला आणि माझ्या झाडाखालून शांतपणे चालत नोलीनकडे गेला. परत आला तो केक तसाच हातात घेऊन. बाकावर बसला, पण डोळे मिटले नाहीत. वर माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळे उघडे, समोर, चोचीच्या टप्प्यात. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो. मी फांदी सोडली.

"नोलीननं मला विचारलं, आपण कोण," तो म्हणाला. "तू मात्र ओळखतोस, लेका. टोपी बदलली तरी ओळखतोस."

मी त्याच्या पापणीजवळून गेलो आणि बाकाच्या पाठीवर उतरलो. तो हलला नाही. हळू आवाजात म्हणाला, "तुझं पिलू मी मारलं. मला ठाऊक आहे."

तेव्हा मी माझं पिलू आठवायला गेलो. आठवेना. त्याची चोच, त्याचा आवाज, काही म्हणजे काही आठवेना. मर्व्हची सुरकुती न सुरकुती मला पाठ होती. इतकी वर्षं रोज घोकलं ते याचंच तोंड. मित्रांनो, तेव्हा त्याच्यापेक्षा मला स्वतःची जास्त चीड आली.

मी माफ केलं असं कृपा करून म्हणू नका. मी माफ केलेलं नाही. तो डोळा अजून माझाच आहे, फक्त मी तो उचललेला नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणाच्या घरट्याला हात लावू नका. आणि रोज काय घोकता तिकडे लक्ष ठेवा, कारण शेवटी तेवढंच उरतं.

मर्व्ह अजून रोज केक घेऊन जातो. नोलीन त्याला रोज नव्यानं नाव विचारते, तो रोज सांगतो. परतताना तो बाकावर बसला की मी झेप घेतो, त्याच्या कानामागे चोच वाजवतो आणि निघून जातो. तो डोळे मिटूनच म्हणतो, "हो रे, मीच."